तो पळाला तर धरणार कोण?

अमळनेरात वाढलेल्या माणसाला शेअर म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. १९४५ साली इथे वनस्पती तुपाच्या कारखान्यासाठी निघालेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स पुढे विप्रो झाली, आणि गावातल्या कितीतरी घरांत त्या कंपनीचे कागद सातबाऱ्यासोबत लोखंडी पेटीत पडून राहिले. आमच्याकडे फार नव्हते. आप्पा जिनिंगमध्ये दिवाणजी होते, पगारातून शिल्लक पडेल तसे त्यांनी थोडे थोडे घेतले. पण त्या थोड्यातून माझं एम.कॉम. झालं, धाकट्या बहिणीचं लग्न झालं, आणि वरून काही उरलेही.

त्या उरलेल्यातले काही २०२४च्या दिवाळीनंतर आम्ही विकले. आप्पा आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या औषधपाण्याची रक्कम बाजूला काढली, राहिलेल्याचं काय करायचं हे घरात बसून ठरवायचं होतं. बहिणीचा मुलगा पुण्यात आयटीत आहे. त्याने फोनवर एका कंपनीचं नाव सुचवलं. "मावशी, अमेरिकेच्या बाजारात आहे, चिनी माणसांनी चालवलेली आहे, विक्री दरवर्षी वाढतेय आणि भाव निम्म्यावर आलाय. तू अकाउंट्स शिकवतेस, तूच बघ." त्या कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. तिने काही गैर केलं आहे असं माझं म्हणणं नाही, आणि तसं म्हणण्याइतका पुरावाही माझ्याकडे नाही. मला सांगायचंय ते तपासण्याबद्दल.

आप्पांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तो मालक ऱ्हास कोठे? पयी गया ते त्याले कोन धरी?" म्हणजे, तो मालक राहतो कुठे, पळाला तर त्याला धरणार कोण?

भाचा हसला. मी नाही हसले. जळगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी इतकी वर्षं ताळेबंद शिकवते आहे आणि ताळेबंद रचता येतो हे मला पक्कं माहीत आहे. सत्यमचा घोटाळा आम्ही वर्गात शिकवतोच. ७ जानेवारी २००९ला त्या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी स्वतः पत्र लिहून कबुली दिली. बँकेत म्हणून दाखवलेले ५,०४० कोटी रुपये नव्हतेच. आकड्यांकडे पाहून तो घोटाळा ओळखता आला नसता, कारण आकडे नेमके आपल्याला समाधान वाटावं असेच लिहिलेले होते. म्हणून यावेळी नफा, वाढ, भाव हे सगळं शेवटी बघायचं ठरवलं. आधी आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं.

अमेरिकेच्या बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीचे कागद तिथल्या नियामकाच्या, म्हणजे एसईसीच्या, 'एडगर' नावाच्या संगणकीय दप्तरात फुकट वाचता येतात. ही एक गोष्ट त्यांच्याकडे फार चांगली आहे. परदेशी कंपनी वर्षातून एकदा फॉर्म २०-एफ भरते. अमेरिकी कंपन्यांना दर तिमाहीला ठरावीक नमुन्यातला अहवाल द्यावा लागतो. परदेशी कंपनीला तशी सक्ती नसते, ती निकाल ६-के नावाच्या फॉर्ममधून आपल्या सोयीने कळवते. मी वाचत होते त्या काळात आणखी एक सवलत होती. अमेरिकी कंपनीचा अधिकारी स्वतःचे शेअर विकतो तेव्हा त्याला दोन कामकाजाच्या दिवसांत ते जाहीर करावं लागतं. परदेशी कंपनीच्या अधिकाऱ्याला ते बंधन नव्हतं. म्हणजे ज्याला आतलं सगळं ठाऊक, तो गुपचूप बाहेर पडतोय का, हे बाहेरच्याला कळायची वाटच अरुंद.

२०-एफ जाडजूड असतो. कॉलेजातून पाच-सव्वापाचला सुटून पॅसेंजरने घरी यायचं, जेवणं उरकली की वाचायला बसायचं, असं बरेच दिवस चाललं. जोखमीचं प्रकरण वाचायला कंटाळा येतो, कारण भूकंपापासून महामारीपर्यंत सगळी भीती त्यात भरलेली असते. तरी ते वाचावंच. सगळ्यात खरं बोललेलं असतं ते तिथेच, कारण ते वकिलांनी लिहिलेलं असतं, पुढे कुणी खटला भरला तर "आम्ही आधीच सांगितलं होतं" म्हणता यावं यासाठी.

मी कंपनीचा नकाशा कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर काढला. सगळ्यात वर केमन बेटांवर नोंदलेली कंपनी. शेअर मिळतो तो हिचा. तिच्याखाली ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरची एक. तिच्याखाली हाँगकाँगची. तिच्याखाली चीनमधली, पूर्णपणे परदेशी मालकीची एक कंपनी. आणि बाजूला, तुटक रेषेने जोडलेली, जिच्याकडे खरा धंदा, परवाने, संकेतस्थळ, ग्राहक आहेत ती चिनी कंपनी. चीनमध्ये इंटरनेटसारख्या काही क्षेत्रांत परदेशी मालकीवर बंदी किंवा मर्यादा आहे, म्हणून ती शेवटची कंपनी संस्थापक आणि त्यांच्या जवळच्या माणसांच्या नावावर असते. भागधारकाकडे तिची मालकी येत नाही. करार येतात: नफा आम्हाला द्याल, मतदानाचा हक्क आमच्याकडे सोपवाल, शेअर तारण ठेवाल. या रचनेला व्हीआयई म्हणतात आणि अमेरिकेत नोंदलेल्या बहुतेक मोठ्या चिनी इंटरनेट कंपन्या तशाच उभ्या आहेत.

आप्पांना नकाशा समजावून सांगितला. त्यांनी तुटक रेषेवर बोट ठेवलं. "मंग आपण कसाना मालक?"

त्यांच्या त्या बोटाखाली २०११ची अलिपेची गोष्ट बसते. चीनच्या अलीबाबा या ऑनलाइन व्यापाराच्या कंपनीत तेव्हा अमेरिकेच्या याहूचा सुमारे ४३ टक्के वाटा होता, जपानच्या सॉफ्टबँकेचाही मोठा होता. अलिपे ही पैसे देण्याघेण्याची सेवा अलीबाबाच्या छत्रातून काढून तिचे संस्थापक जॅक मा यांच्या ताब्यातल्या कंपनीकडे नेण्यात आली. परवान्यासाठी ते गरजेचं होतं, असं अलीबाबाकडून सांगितलं गेलं. याहूने ते मे २०११मध्ये जगाला कळवलं आणि हस्तांतर आपल्याला नंतर समजलं असं म्हटलं. पुढे भरपाईचा समझोता झाला. याला कुणी घोटाळा म्हणो वा न म्हणो, माझ्यासाठी मुद्दा वेगळा होता: जवळजवळ निम्म्या भागाच्या धन्याला, वकिलांची फौज बाळगणाऱ्याला, जर दागिना तिजोरीतून गेल्यावर कळत असेल, तर अमळनेरच्या दिवाणजीला काय कळणार?

आणि समजा कळलं, सगळ्या भागधारकांनी मिळून त्या अधिकाऱ्याला काढूनही टाकलं, तरी? चीनमध्ये कंपनीचा नोंदणीकृत शिक्का आणि कायदेशीर प्रतिनिधी म्हणून नोंदलेलं नाव यांना फार वजन आहे. जून २०२०मध्ये आर्म चायनाच्या संचालक मंडळाने प्रमुख ॲलन वू यांना काढलं. वू गेले नाहीत. कंपनीचा शिक्का त्यांच्याकडे होता, सरकारी नोंदीत नाव त्यांचं होतं, आणि ते एप्रिल २०२२पर्यंत, जवळजवळ दोन वर्षं, खुर्चीवर राहिले. आर्म ही ब्रिटनमधली बलाढ्य चिप कंपनी, पाठीशी सॉफ्टबँक. त्यांना दोन वर्षं लागली. हे वाचल्यापासून मी अहवालात कायदेशीर प्रतिनिधी कोण आणि शिक्के कुणाच्या ताब्यात हे शोधते. बहुतेक अहवालांत त्याची एक जोखीम लिहिलेली असतेच. भाच्याच्या कंपनीतही होती. शिक्के "अधिकृत कर्मचाऱ्यांकडे" असतात आणि ते त्यांचा गैरवापर करू शकतात, असं सरळ लिहिलेलं होतं.

भाचा एव्हाना थोडा वैतागला होता. "मावशी, ऑडिट होतं ना त्यांचं. ऑडिटर जगातल्या मोठ्या चार फर्मपैकी एक आहे."

ऑडिटवर मी शनिवार-रविवार घालवले, कारण माझा तो विषय आहे. अमेरिकेत नोंदलेल्या कंपनीचं लेखापरीक्षण करणाऱ्या फर्मची तपासणी पीसीएओबी ही संस्था करते. अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीच्या घोटाळ्याच्या धक्क्यानंतर, २००२च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने ती आली. पण चीन आणि हाँगकाँगमधल्या फर्मच्या कार्यालयांत तिला वर्षानुवर्षं पूर्ण प्रवेश मिळत नव्हता. डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेने कायदा केला की सलग काही वर्षं तपासणी करू दिली नाही तर त्या कंपन्यांचे शेअर आमच्या बाजारातून काढू. मग ऑगस्ट २०२२मध्ये करार झाला, तपासनीस हाँगकाँगला गेले, डिसेंबरमध्ये पूर्ण प्रवेश मिळाल्याचं जाहीर झालं. मे २०२३ला पहिले अहवाल आले: चीनमधल्या केपीएमजी हुआझेनची चार आणि हाँगकाँगच्या पीडब्ल्यूसीची चार कामं तपासली, त्यातल्या आठपैकी सातांत मत देण्याइतका पुरावा गोळा न केल्यासारख्या गंभीर उणिवा. हिशेब खोटे होते असा त्याचा अर्थ नाही. ते खरे आहेत हे बघण्याचं काम नीट झालं नव्हतं, एवढा आहे. पण मी विद्यार्थ्यांना शिकवते त्यात याहून महत्त्वाचं दुसरं काही नाही.

मग लकिन कॉफी, चीनमधली कॉफीच्या दुकानांची साखळी. हे प्रकरण मी इतकं वाचलं की घरात सगळ्यांना पाठ झालं. २०१७ची कंपनी, मे २०१९ला अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात १७ डॉलरला आली, जानेवारी २०२०मध्ये भाव ५०च्या आसपास. ३१ जानेवारीला मडी वॉटर्स या संस्थेने एक निनावी, ८९ पानांचा अहवाल प्रसिद्ध केला. तो कुणी केला ते त्यावर नव्हतं, पण कसा केला ते होतं: ९२ पूर्णवेळ आणि १,४१८ अर्धवेळ माणसं दुकानांत पाठवली, ११,२६० तासांचं चित्रीकरण केलं, किती गिऱ्हाईक आलं ते मोजलं, २५,८४३ पावत्या गोळा केल्या. कंपनीने आरोप फेटाळले. २ एप्रिलला तिलाच सांगावं लागलं की मुख्य परिचालन अधिकारी आणि त्यांच्या हाताखालच्या काहींनी २०१९च्या तीन तिमाहींत सुमारे २२० कोटी युआनची विक्री बनावट दाखवली. त्या एका दिवसात भाव पाऊण गळाला.

पद्धत साधी होती. एसईसीच्या म्हणण्यानुसार संबंधित माणसं आणि कंपन्यांमार्फत ३० कोटी डॉलरहून अधिकची खोटी खरेदी दाखवली, ती झाकायला १९ कोटी डॉलरहून अधिकचा खर्च फुगवला, बँकेच्या नोंदी बदलल्या. आणि त्याच काळात गुंतवणूकदारांकडून ८६ कोटी डॉलरहून जास्त उभे केले. हे सगळं उजेडात आलं तेव्हा वार्षिक लेखापरीक्षण चालू होतं आणि लेखापरीक्षकांनाही गडबड दिसली होती, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण खोटे आकडे तिमाही निकालांतले होते. त्यांच्यावर ऑडिटरची सही नसते. लोक शेअर मात्र त्यांच्याच जोरावर घेत होते.

अध्यक्षांच्या कुटुंबाच्या कंपनीने शेअर तारण ठेवून कर्ज काढलं होतं. ५१.८ कोटी डॉलरचं ते कर्ज बुडीत गेल्याचं बँकांनी एप्रिलमध्ये जाहीर केलं. मला ही ओळ फार महत्त्वाची वाटली. मालकाने शेअर विकले नाहीत म्हणून आपण निश्चिंत राहतो. तारण ठेवून रोकड केव्हाच बाहेर गेलेली असते. आपल्याकडे प्रवर्तकांनी किती शेअर गहाण टाकले ते दर तिमाहीला शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर दिसतं. तिकडे ते मला तळटिपांत खणावं लागलं.

पुढे एसईसीने दंड ठोठावला १८ कोटी डॉलर, कंपनीला. तो शेवटी भागधारकांच्याच खिशातला. सामूहिक दाव्यात १८.७५ कोटी डॉलरची तडजोड झाली. अध्यक्ष आणि सीईओ पदांवरून गेले. कंपनी नवीन व्यवस्थापनाखाली उभी राहिली आणि २०२३मध्ये चीनमधल्या विक्रीत स्टारबक्सच्या पुढे गेली, हेही सांगायला हवं. भाच्याने हे लगेच पकडलं: "बघ, ज्याने धरून ठेवले त्याचं काय वाईट झालं?" ते खरंच आहे. पण नॅसडॅकमधून काढून टाकलेला शेअर, दिवाळखोरीच्या न्यायालयाची वारी, हे सगळं चालू असताना पंच्याऐंशीच्या माणसाची पुंजी त्यात धरून ठेवा, असं मी कुणाला सांगणार नाही.

आता सही. सार्बेन्स-ऑक्सली कायद्याखाली सीईओ आणि वित्तप्रमुख अहवालाला प्रमाणपत्र जोडतात: मी वाचला आहे, हिशेब बरोबर आहेत. जाणूनबुजून, ठरवून खोटी सही केली तर २० वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख डॉलरपर्यंत दंड. टेक्सासातल्या कंपनीचा सीईओ सही करतो तीच भाषा, तोच कायदा, बीजिंगमधला सीईओही सही करतो. पण अमेरिका आणि चीन यांच्यात प्रत्यार्पणाचा करार नाही. चीनच्या २०२०पासून लागू असलेल्या रोखे कायद्याचं १७७वं कलम सांगतं की परदेशी नियामकाने चीनच्या हद्दीत थेट तपास करायचा नाही, पुरावे गोळा करायचे नाहीत, आणि सरकारी परवानगीशिवाय कुणी कागद बाहेर द्यायचे नाहीत. न्यायालयांचे निकाल एकमेकांकडे बजावण्याचा करारही त्यांच्यात नाही. हे सगळं भाच्याच्या कंपनीच्या अहवालात शब्दशः होतं, 'दिवाणी दायित्वाची अंमलबजावणी' या मथळ्याखाली. तिने काही लपवलं नव्हतं. फक्त तिथपर्यंत कुणी वाचत नाही.

इथे थांबून एक गोष्ट नीट लिहायची आहे, कारण आमच्याकडच्या बोलण्यात ती फार पटकन वाकडी होते. मी शेजारच्या काकांना हे सांगायला लागले तर ते म्हणाले, "चिनी माल तो." नाही. जर्मनीची वायरकार्ड त्या देशाच्या सर्वोच्च ३० कंपन्यांच्या निर्देशांकात होती. जून २०२०मध्ये तिच्या ताळेबंदातले १९० कोटी युरो अस्तित्वातच नव्हते असं निघालं. फिलिपिन्समधल्या ज्या दोन बँकांत ते असल्याचं दाखवलं होतं त्या बँकांनी कागद खोटे असल्याचं सांगितलं. सीईओ मार्कुस ब्राउन यांना अटक झाली, मुख्य परिचालन अधिकारी यान मार्सालेक फरार झाला. शंका विचारणाऱ्या पत्रकारांविरुद्धच जर्मन नियामकाने आधी तक्रार केली होती.

आणि सत्यम? न्यूयॉर्कच्या बाजारात सत्यमचेही शेअर होते. ओहायोतल्या कुठल्या निवृत्त शिक्षिकेने ते घेतले असतील तर तिच्या दृष्टीने ती 'परक्यांनी चालवलेली कंपनी' होती, आणि हैदराबादमध्ये कोण बसलंय हे तिला दिसणार नव्हतं. तिच्यासारख्यांना अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात सत्यमकडून १२.५ कोटी आणि लेखापरीक्षकांकडून २.५५ कोटी डॉलर मिळाले. इथल्या छोट्या भागधारकाला त्या रकमेतलं काही आलं नाही. तेव्हा आपल्या कायद्यात भागधारकांच्या सामूहिक दाव्याची सोयच नव्हती. ती कंपनी कायदा २०१३च्या २४५व्या कलमाने आली आणि २०१६मध्ये लागू झाली. उलट, राजू इथे होते म्हणून सीबीआय त्यांच्यापर्यंत पोचली आणि एप्रिल २०१५ला त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. पैसे एका देशात भरून निघाले, माणूस दुसऱ्या देशात धरला गेला. वंशाचा, देशाचा यात काही संबंध नाही. कंपनीची नोंदणी, धंदा, अधिकारी, ऑडिटर आणि शेअर बाजार पाच ठिकाणी विखुरले की प्रत्येक ठिकाणचा पोलीस म्हणतो, माझी हद्द इथवरच.

मग मी त्या कंपनीची शेवटची तपासणी केली. २०-एफचं सातवं प्रकरण, मोठे भागधारक आणि संबंधितांशी व्यवहार. कार्यालयाची इमारत संस्थापकांच्या पत्नीच्या कंपनीकडून भाड्याने. संस्थापकांच्या दुसऱ्या कंपनीला बिनव्याजी कर्ज, वर्षअखेरीच्या आत परत आलेलं, पुढच्या वर्षी पुन्हा गेलेलं. कायद्याने जाहीर करायचं ते जाहीर केलेलं. पण ताळेबंदाच्या तारखेला पैसे जागेवर आणि मधे बाहेर, हे आप्पांनी जिनिंगच्या रोजकीर्दीत कितीदा पाहिलेलं होतं. मी सांगितल्यावर त्यांनी नुसती मान हलवली.

रोकड खरी आहे का, हे बघायची एक साधी रीत आहे, ती मी वर्गातही देते. बँकेतल्या सरासरी शिलकीला वर्षभरात मिळालेल्या व्याजाने तपासायचं. भलीमोठी रोकड आणि नाममात्र व्याज असेल तर रोकड वर्षभर तिथे नव्हती, किंवा अडकलेली आहे, किंवा नाहीच. या कंपनीचं व्याज ठीक बसलं. ते मी भाच्याला आधी सांगितलं, चांगलं ते चांगलं म्हणून. मग हे सांगितलं की इतकी रोकड असूनही कंपनी दरवर्षी महाग कर्ज काढते, वित्तप्रमुख थोड्या थोड्या काळाने बदलतात, आणि केमनच्या नियमांचा आधार घेऊन बहुसंख्य स्वतंत्र संचालकांची अट तिने पाळलेली नाही. संस्थापकांच्या एका शेअरला सामान्य शेअरच्या कितीतरी पट मतं आहेत, म्हणजे त्यांना हटवायचं ठरवलं तरी हटवता येणार नाही.

भाचा वापरतो त्या परदेशी शेअरच्या ॲपच्या मदतकेंद्राला मी लिहून विचारलं: उद्या घोटाळा निघाला आणि अमेरिकेत सामूहिक दावा झाला, तर माझा अर्ज तुम्ही भराल का? उत्तर आलं, नाही, ग्राहकाने स्वतः दाव्याच्या प्रशासकाकडे व्यवहारांचे पुरावे पाठवायचे. ॲपवर ५ लाख डॉलरपर्यंत संरक्षण असल्याचं लिहिलेलं होतं. ते ब्रोकरांच्या ग्राहकांसाठी असलेल्या एसआयपीसी या अमेरिकी संस्थेचं संरक्षण. ब्रोकर बुडाला आणि आपले शेअर गहाळ झाले तर ते कामाला येतं. कंपनीच्या अधिकाऱ्याने लुबाडलं आणि भाव पडला तर त्याचा काडीचा उपयोग नाही. आमच्या स्टाफरूममधल्या दोघांचा तरी समज उलटा होता.

घरात शेवटी बोलणं झालं ते आप्पांच्या खाटेशेजारी. मी म्हणाले, या कंपनीत नको. भाचा म्हणाला, "तू काहीच चोरी दाखवली नाहीस." मी म्हणाले, "नाही दाखवली. चोरी झाली तर आपण काय करू शकतो ते शोधत होते, आणि उत्तर 'काहीच नाही' असं आलं." त्याने स्वतःच्या पगारातून थोडे शेअर घेतले. तो त्याचा निर्णय, त्याचं वय आहे आणि त्याने अहवाल वाचून घेतला. तो शेअर नंतर बराच वर गेला. त्याचा आनंद मलाही झाला. आप्पांच्या पैशाबद्दलचं माझं मत तेच राहिलं.

आम्ही रकमेचा लहानसा भाग अमेरिकेतल्या शेकडो कंपन्यांच्या निर्देशांक फंडात घातला, बाकी इथेच. तिथेही एखादा लबाड सीईओ असेल. पण त्याच्या कंपनीचा वाटा नखाएवढा आणि तो न्यायालयाच्या हाताच्या अंतरावर. पैसे पाठवण्याची प्रक्रिया थोडक्यात लिहिते, कारण इकडच्या शाखांत ती रोजची नाही. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. फॉर्म ए-२ भरायचा, हेतूचा कोड शेअरमधल्या गुंतवणुकीचा, एस०००१, आपणच लिहून न्यावा. आमच्या शाखेतला मुलगा चांगला होता, पण त्याने मुलांच्या परदेशी शिक्षणाचेच फॉर्म पाहिले होते. १ एप्रिल २०२५पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर, नाही, त्यावर २० टक्के. लाभांशावर अमेरिकेत २५ टक्के कापतात, त्यासाठी डब्ल्यू-८बीईएन हा फॉर्म देऊन ठेवायचा, आणि कापलेल्या कराचं श्रेय इथे फॉर्म ६७ भरून घ्यायचं. परदेशी शेअर असला की प्राप्तिकर विवरणाचा आयटीआर-१ हा नमुना चालत नाही. आयटीआर-२च्या शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात तो दाखवायचा, आणि तिथे एप्रिल ते मार्च नव्हे, जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष धरायचं. दाखवायचं राहिलं तर काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांच्या दंडाची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४पासून वीस लाखांपर्यंतच्या स्थावर नसलेल्या मालमत्तेला त्यातून सूट मिळाली, तरी भरावंच. भाच्याला मी हे दोनदा बजावलं आहे.

मागच्या महिन्यात त्याने आणखी एक नाव पाठवलं. या वेळी कंपनी सिंगापूरची, नोंदणी पुन्हा केमनची. सोबत त्याने स्वतः काढलेला नकाशा होता, आणि खाली लिहिलं होतं की कायदेशीर प्रतिनिधी कोण ते सापडलं, संबंधितांच्या व्यवहारांची यादी जोडली आहे, वित्तप्रमुख कुठे राहतात ते अजून शोधतोय. अहवाल उघडला आहे. सातवं प्रकरण वाचून झालं, ऑडिटर बदलल्याची नोंद सोळाव्यात आहे, ती आज रात्री बघते.